लोगो एक, ज्येष्ठता याद्या दोन

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी विमान कंपन्या एक व्हायच्या होत्या, आणि मे २००७ मध्ये नव्या एअर इंडियाचा लोगो लोकांपुढे आला. उडणारा लाल हंस आणि त्याच्या अंगात कोणार्कचं केशरी चाक. हंस म्हणजे एअर इंडियाच्या जुन्या धनुर्धारी चिन्हाचं नवं रूप, आणि चाक इंडियन एअरलाइन्सचं. दोन्ही घरांचा मान राखलेला. विमानं रंगवायला लागली, तिकिटांवर हंस छापला गेला. पण या दोन कंपन्यांतले वैमानिक, इंजिनिअर, केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफ यांच्यात कोण कोणाला सीनिअर, हे ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल आला जानेवारी २०१२ च्या अखेरीला. लोगोनंतर साडेचार वर्षांनी. मधल्या काळात तीन संप झाले आणि अहवालानंतर तीन महिन्यांत चौथा, सगळ्यांत लांबलेला.

मर्जरमध्ये माणसं कशी सांभाळावीत, यावर बोलताना आपल्याकडे बहुतेकदा परदेशातली उदाहरणं काढली जातात. ती काढायची गरज नाही. नरिमन पॉइंटच्या तेवीस मजली इमारतीत आणि दिल्लीच्या गुरुद्वारा रकाबगंज रोडवरच्या एअरलाइन्स हाउसमध्ये जे घडलं, ते पुरेसं आहे. मला या प्रकरणात रस आहे तो एकाच कारणासाठी. कार्यसंस्कृती नावाची जी गोष्ट एचआरवाले पोस्टरवर लिहितात, ती प्रत्यक्षात कुठे राहते, हे इथे लख्ख दिसतं. ती राहते ज्येष्ठता यादीत, रोस्टरमध्ये, म्हणजे कोणाची ड्युटी कधी या तक्त्यात, आणि पगाराच्या चिठ्ठीवरच्या एका ओळीत.

दोन घरं

दोन्ही कंपन्या तशा सख्ख्या. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं, त्या टाटांच्या विमानसेवेची पुढे एअर इंडिया झाली. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण झालं आणि दोन महामंडळं तयार झाली. परदेशी उड्डाणं एअर इंडिया इंटरनॅशनलकडे, देशातली इंडियन एअरलाइन्सकडे. गंमत म्हणजे इंडियन एअरलाइन्स जन्मलीच मुळी विलीनीकरणातून. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स अशा आठ कंपन्या एकत्र करून ती उभी केली होती.

त्यानंतर चोपन्न वर्षं दोघींचे संसार वेगळे चालले. मालक एकच, सरकार. मंत्रालयही एकच. पण एवढ्या वर्षांत घरातल्या रीती पार वेगळ्या झाल्या होत्या.

एअर इंडिया मुंबईची. सांताक्रूझचा जुना विमानतळ, कालिन्याची स्टाफ कॉलनी, नरिमन पॉइंटचं मुख्यालय. वडील एअर इंडियात, मुलगाही एअर इंडियात, अशी कुटुंबं मुंबईत कमी नव्हती. कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडवलेला महाराजा, कंपनीचा शुभंकर, हे त्यांचं दैवत. इथला वैमानिक बोइंग उडवायचा. मुंबईहून लंडन, तिथे मुक्काम, मग न्यूयॉर्क, पुन्हा मुक्काम. महिन्यातले निम्मे दिवस हॉटेलात. एका फेरीला कित्येक तास, पण उतरणं-चढणं थोडं.

इंडियन एअरलाइन्स दिल्लीची. तिचा वैमानिक एअरबस ए-३२० चा. सकाळी दिल्ली-पाटणा, मग पाटणा-दिल्ली, दुपारी दिल्ली-श्रीनगर. दिवसाला चार-चार वेळा विमान उतरवायचं, पावसात, धुक्यात, लहान धावपट्ट्यांवर, आणि रात्री जमलं तर घरी. एअरबसमध्ये बाजूला असलेली छोटी दांडी, बोइंगमध्ये पुढ्यात असलेलं दांडगं सुकाणू. एका जातीच्या विमानावरून दुसऱ्या जातीच्या विमानावर जायचं तर नव्याने प्रशिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. दोघंही वैमानिकच, पण दोघांच्या हातांना लागलेली सवय वेगळी.

आणि दोघांच्या मनात एकमेकांबद्दल जे असायचं, तेही सांगायला हवं. परदेशी जाणाऱ्याला देशात फिरणारा बसचा ड्रायव्हर वाटायचा. देशात फिरणाऱ्याला वाटायचं की खरं काम आम्हीच करतो, हे ऑटोपायलट लावून बसतात. असल्या गोष्टी कुठल्याच अहवालात येत नाहीत. मर्जरमध्ये मात्र त्या पहिल्या दिवसापासून हजर असतात.

युनियनही अर्थात वेगळ्या. एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. ग्राउंड स्टाफची वेगळी, इंजिनिअरांच्या वेगळ्या. प्रत्येकीने गेल्या कित्येक दशकांत व्यवस्थापनाशी आपापले करार केलेले. त्या करारांची बेरीज म्हणजे त्या कंपनीची संस्कृती, असं म्हटलं तरी चालेल.

घाईचं लग्न

२००७ हे भारतीय विमान कंपन्यांच्या लग्नसराईचं वर्ष होतं. जेटने सहारा घेतली, किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये पाय रोवला. नागरी विमान वाहतूक मंत्री होते प्रफुल्ल पटेल. सरकारी कंपन्या एकत्र केल्या तर मोठी कंपनी होईल, देशातला प्रवासी परदेशी जातानाही आपल्याच विमानात चढेल, सुट्या भागांपासून हँगरपर्यंत दुप्पट खर्च वाचेल, हा विचार कागदावर चुकीचा नव्हताच. सल्लागार कंपनीने तसा आराखडा दिला होता. १ मार्च २००७ रोजी मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३० मार्चला नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया लिमिटेड स्थापन झाली, ऑगस्टमध्ये विलीनीकरण कायद्याने पुरं झालं. नव्या कंपनीचं लघुनाव नॅसिल. औषधाच्या गोळीचं नाव वाटावं असं. तीस हजारांवर माणसं एका रात्रीत या नॅसिलची झाली. २०१० मध्ये सरकारने कंपनीचं नाव पुन्हा एअर इंडिया लिमिटेड केलं, तेव्हा जुन्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांना काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. त्यांच्या कंपनीचं नाव डिसेंबर २००५ मध्येच नुसतं ‘इंडियन’ झालं होतं, शेपटीवर कोणार्कचं चाक तेव्हाच आलं होतं. म्हणजे पाच वर्षांत त्यांनी चार नावं पाहिली.

कर्मचाऱ्यांना एक आश्वासन मात्र दिलं गेलं: कोणाचीही नोकरी जाणार नाही. ते पाळलंही गेलं. पण मर्जरमध्ये नोकरी जाईल ही भीती असलेली माणसं वेगळी आणि आपलं स्थान जाईल ही भीती असलेली वेगळी. सरकारी नोकरीत दुसऱ्या प्रकारचीच माणसं जास्त. त्यांना दिलेलं उत्तर पहिल्या भीतीवरचं होतं.

याच सुमाराला दोन्ही कंपन्यांनी विमानांच्या मोठ्या ऑर्डरी दिल्या होत्या, आणि त्याही वेगवेगळ्या. एअर इंडियाने ६८ बोइंग, इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस. एकूण १११ विमानं, बरीचशी कर्जावर. विलीनीकरण व्हायचंच होतं तर ते या खरेदीच्या आधी व्हायला हवं होतं, असं महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात नोंदवलं. मला त्यातला आणखी एक पैलू महत्त्वाचा वाटतो. बोइंगच्या त्या ऑर्डरीत २७ ड्रीमलायनर होते, म्हणजे लांब पल्ल्याची नवी ७८७ विमानं. म्हणजे लग्नाआधी एका घराने जी नवी गाडी बुक केली होती, ती लग्नानंतर दारात येणार होती. ती कोण चालवणार, हा प्रश्न २००७ मध्येच समोर उभा होता. तो कोणी तेव्हा सोडवला नाही.

एक यादी, दोन माणसं

इथे जरा थांबून एका कल्पित जोडीकडे बघू, कारण अख्खं भांडण त्यात आहे.

समजा, एक तरुण १९९७ मध्ये एअर इंडियात को-पायलट म्हणून लागला. खांद्यावर तीन पट्ट्या, उजवीकडची खुर्ची. एअर इंडियात को-पायलटला कमांडर व्हायला साधारण दहा वर्षं लागत. मोठी विमानं थोडी, कमांडरच्या जागा थोड्या, रांग लांब. तो थांबला. लग्न झालं, मुलं झाली, रांग सरकत राहिली. २००७ मध्ये त्याला चौथी पट्टी आणि डावी खुर्ची मिळण्याची वेळ आली.

दुसरा तरुण १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सला लागला. पहिल्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा. तिथे विमानं लहान पण फेऱ्या भरपूर, म्हणून कमांडर व्हायला सहाएक वर्षं. २००५ मध्येच त्याला चार पट्ट्या मिळाल्या. २००७ मध्ये तो दोन वर्षांचा मुरलेला कमांडर होता.

आता दोघं एकाच कंपनीत. सीनिअर कोण?

नोकरीला लागल्याच्या तारखेने बघितलं तर पहिला. कमांडर झाल्याच्या तारखेने बघितलं तर दुसरा. पहिल्या माणसाचं म्हणणं असं की मी दहा वर्षं रांगेत उभा राहिलो ते मोठ्या विमानाच्या डाव्या खुर्चीसाठी. आता नवे ड्रीमलायनर आले की हा मागून येऊन माझ्या पुढे बसणार. दुसऱ्याचं म्हणणं असं की मी शेकडो वेळा विमानाची जबाबदारी एकट्याने घेतली आहे. मी आता पुन्हा उजव्या खुर्चीत बसू, तेही ज्याला मी काल कमांडर झालेलं पाहिलं त्याच्या शेजारी?

दोघंही बरोबर आहेत. हीच या प्रकरणातली अडचण. इथे कोणी खोटं बोलत नाही, कोणी आळशी नाही. दोन कंपन्यांनी बढतीचे दोन नियम पाळले, दोन्ही नियम आपापल्या घरात न्याय्य होते, आणि ते एका कागदावर मांडले की कोणावर तरी अन्याय होतोच. अशा वेळी व्यवस्थापनाच्या हातात एकच गोष्ट असते: तो अन्याय कोणावर, किती आणि कशाच्या बदल्यात, हे आधी सांगणं. ‘बघू, एकत्र आल्यावर ठरवू’ म्हटलं की दोन्ही बाजू आपल्याला हवं ते गृहीत धरून बसतात, आणि मग जो निर्णय येईल तो दोघांपैकी एकाला विश्वासघात वाटतो.

वैमानिकांचं उदाहरण ठळक म्हणून घेतलं. ग्राउंड स्टाफमध्येही हेच होतं. पदाचं नाव तेच, ग्रेड वेगळी. ग्रेड तीच, बढतीचा कालावधी वेगळा. फक्त त्यांच्या भांडणाने विमान जमिनीवर राहत नाही, म्हणून पेपरात बातमी छोटी येते.

पगाराच्या चिठ्ठीवरची ओळ

दुसरी गाठ भत्त्याची. वैमानिकाच्या मूळ पगारापेक्षा उड्डाण भत्ता मोठा असतो. एअर इंडियाच्या वैमानिकाला ठराविक तासांचा भत्ता बांधलेला होता. महिन्यात तेवढं उड्डाण झालं नाही तरी तो मिळे. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकाला जेवढे तास उडवले तेवढ्याचे पैसे. म्हणजे कंपनीने मार्ग कमी केले, विमान दुरुस्तीला गेलं, रोस्टरमध्ये नाव कमी वेळा आलं, की एकाची चिठ्ठी जशीच्या तशी आणि दुसऱ्याची हलकी. वेगळ्या कंपन्यांत असताना ही तुलना कोणी करत नव्हतं. एकाच कंपनीचं ओळखपत्र गळ्यात आल्यावर मात्र कँटीनमध्ये पहिली चर्चा हीच.

त्यातच उत्पादकतेशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता, म्हणजे ज्याला सगळे नुसतं पीएलआय म्हणत, तो पगारखर्चाचा मोठा भाग होऊन बसला होता. नावात कामगिरी, पण लोकांच्या दृष्टीने तो पगारच. त्यावर घरांचे हप्ते बांधलेले. २००८-०९ मध्ये तेल भडकलं, जगभर मंदी आली, कंपनीचा तोटा २००७-०८ मधल्या २,२२६ कोटींवरून ५,५४८ कोटींवर गेला. जून २००९ चा पगार पंधरा दिवस लांबला. सप्टेंबरमध्ये व्यवस्थापनाने पीएलआयला पंचवीस ते पन्नास टक्के कात्री लावली, आणि वरिष्ठ वैमानिकच सिक लीव्हवर गेले. अध्यक्ष तेव्हा अरविंद जाधव. चार-पाच दिवसांनी मंत्र्यांनी मध्यस्थी केली आणि प्रकरण मिटलं, म्हणजे मिटवलं.

न्यायाने एक सांगितलं पाहिजे. एअर इंडियाचा तोटा निव्वळ मर्जरमुळे किंवा संपांमुळे झाला, हे म्हणणं आळशीपणाचं आहे. विमानांच्या कर्जाचं व्याज होतं, इंधन होतं, आखाती कंपन्यांची स्पर्धा होती, देशात स्वस्त तिकिटांच्या कंपन्या होत्या. पण नेमक्या याच काळात, जेव्हा कंपनीने एका आवाजात बोलायला हवं होतं, तेव्हा तिच्या आत दोन कंपन्या होत्या. २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत देशातली बरीच उड्डाणं इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या आयसी याच कोडवर, म्हणजे उड्डाणाच्या आकड्याआधीच्या अक्षरांवर, चालू होती. बोर्डावर आयसी, शेपटीवर हंस.

चार संप

पहिला संप २००९ चा, पीएलआयच्या कात्रीचा, वर आलाच आहे. मग मे २०१० मध्ये मंगळूरच्या विमान अपघाताला काही दिवस झाले असताना इंजिनिअर आणि इतर कर्मचारी अचानक संपावर गेले. निमित्त होतं माध्यमांशी बोलायला घातलेली बंदी. व्यवस्थापनाने काही जणांना बडतर्फ केलं, दोन युनियनची मान्यता काढून घेतली.

२७ एप्रिल २०११ पासून जुन्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक दहा दिवस संपावर होते. मागणी पगारातल्या समानतेची, म्हणजे त्याच उड्डाण भत्त्याची. न्यायालयाने कामावर जायला सांगितलं, ते गेले नाहीत. युनियनची मान्यता गेली, कार्यालयाला सील लागलं. या संपाच्या वेळी सरकारला जे चार वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते सुचलं. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली: पगार, ग्रेड, ज्येष्ठता, बढती, सगळं एका सूत्रात बांधायला. सरकारी उपक्रमांच्या वेतन निर्देशांनुसार पगार बसवावा, पीएलआय बंद करावा, दोन्हीकडच्या पदांची जुळणी करून ज्येष्ठता ठरवावी, या दिशेचा अहवाल ३१ जानेवारी २०१२ रोजी आला.

आणि मग ड्रीमलायनर.

पहिलं ड्रीमलायनर २०१२ च्या सप्टेंबरमध्ये आलं. त्याआधी वैमानिकांना प्रशिक्षणाला पाठवायचं होतं. व्यवस्थापनाने ठरवलं, निम्म्या जागा एका बाजूला, निम्म्या दुसऱ्या बाजूला. ऐकायला किती शहाणपणाचं! भावाभावांत खिशातली नाणी वाटावीत तसं. पण एअर इंडियाच्या वैमानिकांना ते तसं वाटलं नाही. त्यांच्या दृष्टीने ही त्यांच्या कंपनीने, त्यांच्या रांगेतल्या माणसांसाठी मागवलेली विमानं होती. मे २०१२ च्या पहिल्या आठवड्याअखेर गिल्डचे वैमानिक सिक लीव्हवर गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली, गिल्डची मान्यता गेली, १०१ वैमानिकांना काढून टाकलं, काही जण जंतरमंतरवर उपोषणाला बसले. लंडन-न्यूयॉर्कची उड्डाणं कोलमडली. संप ३ जुलैला मागे घेतला गेला. ५८ दिवस.

विमान व्यवसायाचा धंदा न समजणाऱ्यालाही हे लक्षात येईल की मे-जून म्हणजे सुट्टीचा हंगाम, वर्षाची कमाई तेव्हा. आणि ज्या कंपनीसाठी सरकारने त्याच एप्रिलमध्ये ३०,२३१ कोटींचं भांडवल टप्प्याटप्प्याने द्यायचं मान्य केलं होतं, तीच जमिनीवर.

व्यवस्थापनाला दोष देणं सोपं आहे, आणि संप करणाऱ्यांना त्याहून सोपं. तेव्हा पेपर वाचणाऱ्या मध्यमवर्गाला एवढंच दिसलं की लाखांनी पगार घेणारी माणसं आजारी असल्याचं खोटं सांगून घरी बसली आहेत. मला विचाराल तर २०१२ च्या संपाचा निर्णय चुकीचा होता, राग खरा होता. राग खरा असल्याचं कोणी वेळेवर कबूल केलं असतं, तर निर्णयाची वेळ कदाचित आली नसती. पाच वर्षांत त्यांच्यापुढे अध्यक्ष बदलले, मंत्री बदलले, प्रत्येकाने नवी समिती, नवं आश्वासन दिलं. सरकारी कंपनीतल्या मर्जरची ही खास अडचण: वचन देणारा माणूस वचन पाळायच्या वेळी दुसऱ्या खात्यात असतो. म्हणून अशा ठिकाणी वचन तोंडी नको, कागदावर, तारखेसकट हवं.

या सगळ्यात ज्यांच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही, ते मुंबईचे लोक. मुख्यालय २०१३ पासून दिल्लीला हलत गेलं. इंजिनिअरिंग आणि ग्राउंड हँडलिंगच्या वेगळ्या उपकंपन्या झाल्या, हजारो माणसं तिकडे वर्ग झाली. नरिमन पॉइंटची इमारत, जी एकेकाळी मुंबईच्या किनाऱ्याची खूण होती, ती पुढे महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं. कालिन्याच्या कॉलनीतल्या लोकांना घरं रिकामी करायच्या नोटिसा आल्या. विलीनीकरणात हरलेली बाजू कोणती, असं कोणी विचारलं तर मुंबईकर एअर इंडियावाला एक उत्तर देईल आणि दिल्लीकर इंडियन एअरलाइन्सवाला दुसरं. दोघांनाही वाटतं, आपणच.

दुसऱ्यांदा

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली, आणि टाटांच्या हातात आता चार विमान कंपन्या आल्या. म्हणजे पुन्हा मर्जर, आणि तेही दोन. स्वस्त तिकिटांच्या दोन कंपन्या, एअर इंडिया एक्स्प्रेस आणि एअरएशिया इंडिया, एकीकडे, एअर इंडिया आणि विस्तारा दुसरीकडे. इतिहास माहीत असलेल्या माणसाला बघायचं होतं एवढंच, की या वेळी यादी आधी ठरते की लोगो.

क्रम या वेळी बराच सुधारला होता. विस्ताराचे कर्मचारी कुठल्या पदावर बसणार, हे विलीनीकरणाच्या दिवसाच्या कित्येक महिने आधी त्यांना सांगायला सुरुवात झाली. तरीही मार्च-एप्रिल २०२४ मध्ये जे झालं ते पाहून २०११ आठवल्याशिवाय राहत नाही. विस्ताराच्या वैमानिकांना दोन्ही कंपन्यांना लागू होणारा नवा पगार करार आला. आधी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचा पगार बांधलेला होता, नव्या करारात ४० तासांचा. त्यावर उडाल तर जास्त मिळेल, पण खात्रीचे तास ४०. पुन्हा तीच ओळ, पगाराच्या चिठ्ठीवरची. वैमानिक आजारी पडू लागले, उड्डाणं रद्द झाली, कंपनीला आपली सुमारे दहा टक्के क्षमता काही काळ कमी करावी लागली.

व्यवस्थापनाची बाजू अशी की दोन्ही कंपन्यांना एकच सूत्र लावायचं तर कुठेतरी कोणाचं तरी बदलणारच. खरं आहे. पण तास ७० चे ४० करताना समोरच्या माणसाला ‘काहींचं एकूण उत्पन्न वाढेलही’ हे ऐकू येत नाही, त्याला ३० ऐकू येतात. असा बदल ईमेलवर जात नाही. गटागटाने बसून, प्रत्येकाच्या गेल्या वर्षाच्या रोस्टरवर नवं सूत्र लावून, रुपयांत आकडा दाखवावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं प्रेझेंटेशन होत नाही, आणि मर्जरमधलं सगळ्यांत उपयोगी काम हेच आहे.

महिनाभराने, ७-८ मेच्या सुमारास एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन क्रू मोठ्या संख्येने सिक लीव्हवर गेले. एका दिवसात ऐंशीच्या आसपास उड्डाणं रद्द. मर्जरच्या तयारीत पगाराची रचना आणि पदं बदलल्याची तक्रार. कंपनीने २५ जणांना काढलं. इथे २०१२ ची पुनरावृत्ती होईल असं वाटलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी मुख्य कामगार आयुक्तांपुढे दोन्ही बाजू बसल्या, कंपनीने २५ जणांची बडतर्फी मागे घेतली, क्रू कामावर आले. ५८ दिवसांऐवजी दोन. फरक कशाने पडला? खासगी मालकाला रोजचा तोटा स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, हे एक. पण समोर बसलेल्या माणसाला होय किंवा नाही म्हणायचा अधिकार होता, हे जास्त महत्त्वाचं. २०१२ मध्ये वैमानिकांसमोर जो बसे, त्याला मंत्रालयात विचारून यावं लागे.

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. जुन्या मर्जरमधला आयसी कोड जवळजवळ चार वर्षं रेंगाळला होता. इथे विस्ताराचा यूके कोड एका रात्रीत गेला. त्याऐवजी त्यांच्या उड्डाणांच्या आकड्याआधी दोन लावला. काल यूके ९५५ होतं ते आज एआय २९५५. विमान तेच, आतले लोक तेच, प्रवाशाला दिसणारी सेवा तीच राहील याची खूण म्हणून तो दोन. क्रूसाठीही ती सोय होती: आपल्या माणसांबरोबर, आपल्या विमानात, फक्त नवा बिल्ला.

विलीनीकरणानंतरचं पहिलं उड्डाण होतं एआय २२८६. दोह्याहून निघालं आणि मुंबईला उतरलं.